तीस चिंचोक्यांत पित्ताचा फेरा: घरच्या घरी कसा दाखवायचा

वन्संचं पित्ताशय काढून चार महिने झाले तरी त्या पेज आणि वाफवलेल्या भाजीवरच होत्या. आमच्याकडे गोव्यात फोंड्याला आल्या त्या दिवशी मी बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणाची आमटी, केलं होतं. त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "अगो, माझं पित्तच काढून टाकलं. आता तेल-नारळ कसा पचायचा?" घरी सोडताना मिळालेल्या कागदावर 'चरबीयुक्त पदार्थ टाळा' एवढी एकच ओळ होती. का टाळायचे, किती दिवस टाळायचे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चार महिने ती बाई भीतीवर जगत होती, आणि दंड सैल पडले होते. मला फार वाईट वाटलं. दुपारी मी त्यांना अंगणात बसवलं आणि त्यांच्या पदरात तीस चिंचोके मोजून टाकले.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पित्ताम्लांचा फेरा, म्हणजे पित्तातल्या आम्लांची यकृतापासून आतड्यापर्यंत आणि परत अशी वारी, मी कित्येक वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवला. मुलं बाण पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची. हाताने करून पाहिलं तेव्हा मात्र विसरली नाहीत, आणि वन्संही विसरल्या नाहीत. म्हणून ते सगळं कसं करायचं ते इथे लिहिते. घरात पित्ताचं ऑपरेशन झालेलं कुणी असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल किंवा मूल बारावीला असेल, तर एक दुपार काढा.

सुरुवात शब्दापासून करा, कारण आपल्याकडे सगळा घोळ तिथेच होतो. छातीत जळजळलं की आपण म्हणतो 'पित्त झालं', अंगावर गांधी उठल्या की म्हणतो 'पित्त उठलं', आणि राग आला की पित्त खवळतं. यातलं काहीच यकृतातून येणारं पित्त नव्हे. जळजळ होते ती बहुधा जठरातल्या आम्लाने, आणि गांधी म्हणजे त्वचेची अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया. आपण बोलतोय ते पित्त म्हणजे यकृतात रात्रंदिवस तयार होणारा रस, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. त्यात पाणी, क्षार, लेसिथिन हा चरबीसारखा पदार्थ, थोडं कोलेस्टेरॉल, रंगद्रव्य आणि पित्ताम्लं असतात. कामकरी ती पित्ताम्लं. रंग हा वेगळा प्रवासी आहे: जुन्या लाल रक्तपेशींतलं हिमोग्लोबिन मोडून तो तयार होतो आणि बाहेर टाकण्यासाठी याच वाटेने जातो. हा फरक आधी सांगितला नाही तर पुढे मुलं काविळीचा पिवळेपणा आणि चरबीचं पचन यांची खिचडी करतात.

पित्त मिळवायचं कुठून

मासळी साफ करणाऱ्या प्रत्येकाने पित्त पाहिलेलं असतं. मी लहानपणी पागिणीशेजारी, म्हणजे मासळीवालीशेजारी, बसून बघायचे. आतडी ओढताना तिचा हात एका जागी एकदम हलका व्हायचा. म्हणायची, "पित्त फुटलें जाल्यार नुस्तें कोडू जाता." म्हणजे पित्त फुटलं तर मासळी कडू होते. तो कडूपणा पित्ताम्लांचा आणि त्यांच्या क्षारांचा.

प्रयोगासाठी मात्र कोंबडीचं पित्त घ्या, ते हाताळायला सोपं. चिकनवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की कलेजीला चिकटलेल्या हिरव्या पिशव्या न फोडता वेगळ्या दे. एरवी तो त्या फेकूनच देतो. एका पिशवीत जेमतेम मिलिलिटर-दोन मिलिलिटर निघतं, म्हणून सहा-आठ मागा. घरी आल्यावर हातमोजे घाला, पिशवी वाटीवर धरून टोकाला कात्रीने बारीक चीर द्या आणि थेंब गळू द्या. रंग गडद हिरवा दिसेल, कारण कोंबडीच्या पित्तात बिलिव्हर्डिन हे हिरवं द्रव्य असतं. माणसाचं पित्त सोनेरी-पिवळं असतं, त्यात बिलिरुबिन. वाटी, कात्री, ओटा सगळं नंतर साबणाने आणि गरम पाण्याने धुवा. कच्च्या कोंबडीवर जंतू असतात, आणि ते काम मुलांवर सोपवू नका.

एक गोष्ट अगदी ठासून सांगते: पित्त कुणीही चाखू किंवा गिळू नये, माशाचं तर नाहीच. डोळ्यांना, सांध्यांना, तापाला चांगलं म्हणून माशाचं कच्चं पित्त गिळण्याची समजूत काही ठिकाणी आहे. रोहूसारख्या कार्प जातीच्या माशांचं पित्त गिळल्याने मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं भारतातल्या डॉक्टरांनी पाहिली आहेत. त्या माशांत पित्ताम्लांऐवजी बहुतांश पित्त-अल्कोहोलं असतात, ती आपल्या मूत्रपिंडांना विषारी ठरतात, आणि शिजवल्यानेही ती नष्ट होत नाहीत.

गंधक बुडतं तेव्हा

पहिला प्रयोग दोन मिनिटांचा. पूर्वी वैद्यकीय महाविद्यालयांत लघवीतली पित्ताम्लं ओळखायला हीच चाचणी करत, तिला 'हे' (Hay) नावाच्या शास्त्रज्ञाची गंधक-चाचणी म्हणतात. काचेचे दोन पेले घ्या, दोन्हींत साधं पाणी. एकात पित्ताचे आठ-दहा थेंब घालून ढवळा आणि पाणी स्थिर होऊ द्या. आता दोन्हींवर गंधकाची बारीक पूड चिमटीने भुरभुरा. साध्या पाण्यावर पूड तरंगत राहते, पिवळी साय धरल्यासारखी. पित्ताच्या पाण्यात ती धाग्याधाग्याने खाली उतरू लागते आणि तळाशी जाऊन बसते. पाण्याचा पृष्ठताण पित्ताम्लांनी कमी केला, म्हणून पूड भिजली आणि बुडाली.

माझा पहिला प्रयत्न वर्गासमोर पार फसला. आंब्याच्या मोहोरावर भुरी पडते तेव्हा मारतात ते गंधक घरात होतं, तेच मी नेलं. दोन्ही पेल्यांत ते तितक्याच झपाट्याने बुडालं. घरी येऊन पुडा नीट वाचला तर त्यावर 'वेटेबल' लिहिलेलं. म्हणजे फवारणीच्या पाण्यात मिसळावं म्हणून कारखान्यातच त्यात भिजवणारं द्रव्य घातलेलं होतं. पित्ताला करायला कामच उरलं नव्हतं. तेव्हा प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून साधी गंधकपूड आणा, आणि आणल्यावर आधी साध्या पाण्यावर टाकून ती तरंगते ना हे पाहा. पुढच्या वर्षापासून मी दोन्ही पुडी मुद्दाम नेते. फसलेला प्रयोग आधी दाखवला की मुलं कारण स्वतः शोधतात.

दुसरा प्रयोग तेलाचा. तीन छोट्या झाकणाच्या बाटल्या घ्या, प्रत्येकीत अर्धा पेला कोमट पाणी आणि अर्धा चमचा खोबरेल तेल. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तेल थिजलेलं असतं, म्हणून पाणी कोमटच हवं. पहिलीत आणखी काही नाही. दुसरीत चमचाभर पित्त. तिसरीत भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. तिन्ही वीस-वीस वेळा जोरात हलवा, खाली ठेवा आणि घड्याळ बघा. पहिलीत तेल लगेच वर येऊन थर धरतं. तिसरी दुधासारखी पांढरी होते. दुसरी या दोघींच्या मधली: गढूळ हिरवट, आणि तेलाचे बारीक थेंब बराच वेळ पाण्यात अडकलेले. साबणाइतकं झटपट दिसलं नाही म्हणून नाराज होऊ नका. आतड्यात पित्ताच्या जोडीला लेसिथिन असतं, स्वादुपिंडाचा चरबी तोडणारा लायपेज असतो, आणि आतडं सतत घुसळत असतं.

साबणाच्या कणाला एक डोकं आणि एक शेपूट असतं. पित्ताम्लाचा कण तसा नसतो, तो चपटा असतो. एका अंगाला तूप लावलेली पोळी डोळ्यांसमोर आणा. तुपाची बाजू तेलाला चिकटते, कोरडी बाजू पाण्याकडे राहते. तेलाच्या थेंबावर अशा पोळ्या चहूबाजूंनी बसल्या की थेंब फुटतो आणि परत एकत्र येत नाही. लायपेजने चरबी तोडली की तिचे तुकडे पित्ताम्लांच्या इवल्या गोळ्यांत बसतात. त्या गोळ्यांना मायसेल म्हणतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही त्याच गोळ्यांत बसून आतड्याच्या भिंतीपर्यंत जातात.

खोबरेलाबद्दल एक आडवाटेची गोष्ट, आपल्याकडची म्हणून. त्यातली आठ आणि दहा कार्बनांची मेदाम्लं, म्हणजे साधारण दहा-पंधरा टक्के भाग, पित्ताम्लांच्या मदतीवाचूनही बऱ्यापैकी शोषली जातात आणि सरळ यकृताकडे जातात. म्हणून पित्ताचा प्रवाह अडलेल्या रुग्णांना डॉक्टर अशी मध्यम लांबीची मेदाम्लं असलेलं खास तेल देतात. याचा अर्थ खोबरेल म्हणजे औषध असा नाही. त्यातली सगळ्यात मोठी वाटणी बारा कार्बनांच्या लॉरिक आम्लाची.

चिंचोके मांडायचे

आता मुख्य खेळ. तीस चिंचोके मोजून घ्या. एक चिंचोका म्हणजे १०० मिलिग्रॅम पित्ताम्ल, आणि तीस मिळून ३ ग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाच्या अंगात एका वेळी फिरणारी पित्ताम्लं साधारण एवढीच असतात, दोन ते चार ग्रॅमच्या दरम्यान. वाण्याकडच्या सर्वांत लहान पुडीत मावतील इतकी.

अंगणात खडूने पाच घरं आखा. यकृत, पित्ताशय, लहान आतड्याची सुरुवात, लहान आतड्याचं शेवटचं टोक, आणि मोठं आतडं. प्रत्येक घरात एक माणूस उभा करा. यकृताच्या बाजूला आणखी एक वाटीभर चिंचोके ठेवा, तो कोलेस्टेरॉलचा साठा. पित्ताशयवाल्याच्या हातात कापडी पिशवी द्या, आणि सुरुवातीच्या आतड्याजवळ बशीत चुरमुरे ठेवा. चुरमुरा म्हणजे चरबी.

यकृत तीसही चिंचोके पिशवीत टाकतं. जेवायला बसलो की आतड्याची सुरुवात हाक मारते, 'चरबी आली!' ही हाक म्हणजे कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक. ते १९२८ साली आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी दाखवून दिलं. हाक आली की पित्ताशय पिशवी पिळून रिकामी करतं. आता प्रत्येक चिंचोक्यावर एक चुरमुरा ठेवून तो आतड्यात पुढे न्यायचा. आतड्याच्या पहिल्या भागातला माणूस चुरमुरा उचलून तोंडात टाकतो, म्हणजे चरबी शोषली गेली. चिंचोका मात्र तिथे थांबत नाही. तो एकटाच पुढे शेवटच्या टोकापर्यंत जातो.

इथे थोडं थांबा आणि विचारा, की चिंचोका का थांबला नाही? रायबंदर-चोडणची फेरीबोट आठवा. माणसं पलीकडे उतरतात, बोट काही त्यांच्याबरोबर घरी जात नाही. यकृत पित्ताम्लाला ग्लायसिन किंवा टॉरिन जोडून पाठवतं. त्यामुळे त्याच्यावर विद्युतभार राहतो आणि वाटेत भिंतीतून सहज झिरपता येत नाही. शेवटच्या टोकाला मात्र त्याच्यासाठीच केलेले दरवाजे आहेत, एएसबीटी नावाची प्रथिनं. तिथून ते आत घेतलं जातं, पोर्टल व्हेन या आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेच्या रक्तातून यकृतात पोचतं, आणि यकृत त्याला पुन्हा पित्तात सोडतं. बोट परत धक्क्याला लागली.

तीसपैकी एकोणतीस चिंचोके यकृताच्या हातात परत द्या आणि एक मोठ्या आतड्याच्या घरात जाऊ द्या. हे प्रमाण मी मनाने धरलेलं नाही. दर फेरीत ९५ टक्क्यांहून जास्त पित्ताम्लं परत येतात. अशा सहा फेऱ्या करा, एका जेवणाला दोन धरून. सहा चिंचोके गेले, म्हणजे ०.६ ग्रॅम. रात्री यकृत कोलेस्टेरॉलच्या वाटीतून सहा चिंचोके उचलून तीस पुरे करतं. प्रत्यक्षातही यकृत दिवसाला साधारण अर्धा ग्रॅमच नवं बनवतं. मुलांकडून गुणाकार करून घ्या: तीन ग्रॅम गुणिले सहा म्हणजे अठरा ग्रॅमचं काम. फेरा नसता तर रोज अठरा ग्रॅम नवे बनवावे लागले असते. हा आकडा फळ्यावर लिहून मी काही क्षण गप्प राहते. एवढी काटकसर कुठल्याही घरात मी पाहिलेली नाही.

वाटीतून उचललेला चिंचोका तसाच पिशवीत टाकू देऊ नका, त्याला आधी टोक फोडायला लावा. सत्तावीस कार्बनांच्या कोलेस्टेरॉलला ऑक्सिजन-हायड्रोजनचे ओएच गट जोडून, शेपटी कापून, चोवीस कार्बनांचं आम्ल बनवायला सतराच्या आसपास एन्झाइमं लागतात. तीन ओएच असले तर कोलिक आम्ल, दोन असले तर चिनोडीऑक्सिकोलिक. पित्ताम्ल कोलेस्टेरॉलपासून बनतं हे कोनराड ब्लॉख आणि सहकाऱ्यांनी १९४३ साली दाखवलं. जड हायड्रोजनची खूण केलेलं कोलेस्टेरॉल कुत्र्याला दिलं, आणि ती खूण पित्ताम्लात सापडली. पित्ताम्लांच्या रचनेसाठी १९२७ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल हाइनरिख वीलांड यांना मिळालं होतं. पण त्यांनी मांडलेली कड्यांची जुळणी चुकीची निघाली आणि १९३२ साली ती दुरुस्त झाली. हे ऐकलं की मागच्या बाकावरचे डोळेसुद्धा चमकतात. शास्त्र असं पुढे जातं हे त्यांना कळायलाच हवं.

मोठ्या आतड्यात पडलेले चिंचोकेही सगळेच लगेच बाहेर जात नाहीत. तिथले जीवाणू ग्लायसिन-टॉरिन सोडवतात, एक ओएच काढून टाकतात, आणि डीऑक्सिकोलिक व लिथोकोलिक ही नवी आम्लं बनतात. त्यातलं काही पुन्हा शोषलं जातं. उरलेलं शौचावाटे जातं, आणि शरीरातलं कोलेस्टेरॉल बाहेर पडण्याची ती एक मुख्य वाट. कोलेस्टेरॉलची कडी आपल्याला मोडता येत नाही, जाळून ऊर्जाही काढता येत नाही.

आता एक चिठ्ठी आणा. यकृताला कसं कळतं की सहाच बनवायचे, साठ नाही? शेवटच्या टोकाच्या माणसाला कागदावर 'पुरे' लिहून परतीच्या चिंचोक्यांबरोबर पाठवायला सांगा. आतड्याच्या पेशींत एफएक्सआर नावाचा ग्राहक (रिसेप्टर) पित्ताम्लांना ओळखतो, हे १९९९ साली उघड झालं. तो जागा झाला की एफजीएफ-१९ हे संप्रेरक सुटतं, यकृतात पोचतं आणि उत्पादनाचा नळ आवळतं. परतणारे चिंचोके कमी झाले की चिठ्ठी येत नाही, आणि नळ सुटतो.

खेळ बिघडवून पाहा

खरी समज इथे येते, घाई करू नका.

शेवटच्या टोकाच्या माणसाला बाहेर काढा. क्षयामुळे, क्रोन्स या आतड्याच्या जुनाट आजारामुळे किंवा दुसऱ्या कारणाने आतड्याचा तो भाग कापावा लागलेल्या माणसाचं असंच होतं. चिंचोके धडाधड मोठ्या आतड्यात पडतात. तिथे पित्ताम्लं पाणी ओढून आणतात आणि पातळ जुलाब होतात. कापलेला भाग मीटरभरापेक्षा कमी असेल तर यकृत जादा बनवून बहुधा भरून काढतं. त्याहून जास्त असेल तर साठा घटत जातो, चरबीच शोषली जात नाही, आणि शौच तेलकट, तरंगणारं होतं. बी-१२ जीवनसत्त्वही त्याच टोकाला शोषलं जातं, म्हणून त्या रुग्णांना त्याची इंजेक्शनं लागतात.

टोकाच्या माणसाला परत घ्या आणि आता एक चोर आणा, जो दर फेरीत तीन चिंचोके मुठीत धरून मोठ्या आतड्यात नेतो. इसबगोल, ओट्स, कडधान्यं यांतला विरघळणारा चोथा काही अंशी हेच करतो. कोलेस्टायरामीन ही भुकटी तर मुद्दाम त्यासाठीच बनवलेली. चिठ्ठी कमी येते, यकृत कोलेस्टेरॉलची वाटी उपसतं, वाटी रिकामी व्हायला लागली की रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, आत ओढतं. हे ओढणारे ग्राहक शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. मात्र ती भुकटी चोर खरी, ती इतर गोळ्याही मुठीत धरते. थायरॉइडची किंवा दुसरी कुठलीही गोळी तिच्या तासभर आधी नाहीतर चार ते सहा तासांनी घ्यायची. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

आणि शेवटी पिशवी काढा.

वन्संबरोबर खेळताना मी पित्ताशयाच्या घरातल्या माझ्या भाचीला बाजूला उभं केलं आणि पिशवी माझ्याकडे घेतली. यकृताच्या घरात वन्सं होत्या. आता चिंचोके एकदम पिळून सोडता येईनात. त्या एकेक करून आतड्यात सोडत राहिल्या, जेवण असो-नसो. फेरा तसाच चालू. दोन फेऱ्या झाल्यावर त्यांनी हातातले मोजले आणि विचारलं, "मग माझे कमी झाले नाहीत?" नाही झाले. पिशवी फक्त साठवण करते, ३० ते ५० मिलिलिटरची, आणि पित्त दाट करते. बनवण्याचं काम तिचं कधीच नव्हतं. घोडा, हत्ती, कबूतर यांना पित्ताशयच नसतं. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली पहिल्यांदा माणसाचं पित्ताशय काढलं, आणि भारतात दुर्बिणीतून ते पहिल्यांदा काढलं १९९० साली मुंबईत डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी. तेव्हापासून लाखो माणसं पिशवीवाचून जेवताहेत.

एकच फरक पडतो. सण-समारंभाचं तुपाळ जेवण एका दमात आलं तर एकगठ्ठा पित्त तयार नसतं. आणि काहींच्या बाबतीत सतत झिरपणारी पित्ताम्लं मोठ्या आतड्यात जास्त पोचून सैल शौचाला होते. बहुतेकांचं काही आठवड्यांत जुळून येतं. नाहीच आलं तर सहन करत बसू नका. पित्ताम्लांमुळे जुलाब होताहेत का, असं डॉक्टरांना सरळ विचारा. त्यावर औषध आहे.

डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच मातीसारखं फिकं झालं, किंवा उजव्या बरगडीखाली दुखून थंडी-ताप आला, तर खेळ-बीळ विसरून त्याच दिवशी दवाखाना गाठा. नळी अडल्याची ती लक्षणं आहेत. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, खाज सुटली तर 'गरमीने असेल' म्हणून पावडर लावत बसू नये. रक्तातली पित्ताम्लं वाढल्याने तसं होऊ शकतं, आणि ती फार वाढली तर बाळाच्या जिवाला धोका असतो. 'सीरम बाइल अ‍ॅसिड' ही तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्या.

वन्संसाठी मी डॉक्टरांना विचारून जेवण असं बसवलं: दिवसाची चरबी एका ताटात नको, चार-पाच खाण्यांत वाटलेली. पहिल्या आठवड्यात उकड्या तांदळाच्या भातावर दोन चमचे हुमण. दुसऱ्या आठवड्यात अर्धी वाटी, सोबत भाजलेला मासा. तळलेलं सगळ्यात शेवटी. रोज वहीत दोन ओळी, काय खाल्लं आणि पोट कसं होतं. एकदा पोट बिघडलं, कोलंबीची कढी आणि भजी एकाच दुपारी झाली होती. आम्ही एक पायरी मागे आलो आणि चार दिवसांनी पुन्हा चढलो.

तिसऱ्या रविवारी त्या स्वतःच बाजारातून बांगडे घेऊन आल्या आणि परसात विळी मांडून बसल्या. पहिल्या बांगड्याची आतडी ओढताना त्यांचा हात एका जागी हलका झाला. छोटीशी हिरवी पिशवी न फुटता बाहेर आली. ती त्यांनी बशीत ठेवली आणि बशी माझ्याकडे सरकवली. "घे, तुझ्या बाटलीला."